पायाखालचा वसंत

एप्रिल अर्धा सरला की शेफील्डमध्ये वसंत अगदी दारात येऊन उभा राहतो. रस्त्याच्या कडेची चेरीची झाडं गुलाबी होतात, घरोघरच्या पुढच्या अंगणात डॅफोडिल्स माना डोलावतात, आणि रविवारी सकाळी कुणी ना कुणी गवत कापायचं यंत्र बाहेर काढतंच. अशा वेळी पश्चिमेला जाणारी बस धरावी आणि मूरच्या, म्हणजे झुडपांच्या उघड्या डोंगरपठाराच्या, कडेला उतरावं. फार लांब नाही. या शहराच्या हद्दीचा सुमारे एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातच मोडतो. बस निघून जाते, आपण कॉलर वर करून समोर बघतो आणि वाटतं, वसंताला इकडचा पत्ता कुणी दिलाच नाही की काय!

समोर नुसता तपकिरी रंग. गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत, हेदरची काटक काळपट झुडपं, मधूनच उघडी पडलेली काळी माती. झाड म्हणावं तर ओहोळाच्या कडेला एखादं वाकलेलं रोवन, तेही अजून बोडकं. उंची फारशी नाही. जवळच्या किंडर स्काउटचा माथा ६३६ मीटर भरतो, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहून कमीच. पण वारा असा की बोलायचं तर पाठ फिरवून बोलावं लागतं. कॅलेंडरांवर छापलेला जांभळा मूर तो हा नव्हे. हेदर फुलतं ऑगस्टात. तेव्हा सगळं पठार जांभळं होतं आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. मला विचाराल तर तो मूरचा लग्नातला फोटो आहे. त्याची खरी ओळख करून घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये यावं.

मी रत्नागिरीकडची, सड्याच्या कडेला वाढलेली, त्यामुळे असल्या उजाड दिसणाऱ्या जागेची मला धास्ती वाटत नाही. कोकणातला सडाही मे महिन्यात पाहुण्यांना दाखवायच्या लायकीचा नसतो. काळा कातळ, पिवळं गवत आणि डोळ्यांवर येणारं ऊन. इथे काय बघायचं, असं मुंबईची मंडळी विचारायची, आणि तेवढ्यात टिटवी ओरडत अंगावर यायची. तिची अंडी तिथेच कुठेतरी उघड्यावर, खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची पडलेली असायची आणि आम्हाला ती पायाला लागेपर्यंत दिसायची नाहीत. मूरवर पहिल्यांदा चालले तेव्हा ओळखीचं असं काही भेटलं असेल तर तिची चुलत बहीण. डोक्यावर लांब काळा तुरा, पाठीवर हिरवट चमक. आपली टिटवी भांडखोर, तर ही कसरतपटू. नर उंच जातो, एकदम पंख सोडून दिल्यागत कोसळतो, जमिनीला टेकणार असं वाटत असताना कुशीवर वळतो आणि पुन्हा वर. तोंडानं चिरकी शीळ चालूच. एके काळी हिची अंडी श्रीमंतांच्या टेबलावरचा चोचला होता. माणसांनी ती इतकी वेचली की १९२८ साली ब्रिटिश संसदेला खास टिटवीसाठी कायदा करावा लागला.

मूरवरचा वसंत आधी डोक्यावर ऐकू येतो आणि मग पायाखाली सापडतो. मधल्या उंचीवर, जिथे आपली नजर सवयीनं फिरते, तिथे जवळजवळ काहीच नसतं. म्हणून नवखा माणूस तासभर चालतो आणि कंटाळून परततो.

डोक्यावर असतो चंडोल. जमिनीवरून उठतो तो गातच, सरळ वर चढत जातो, ठिपका होतो, मग ठिपकाही दिसेनासा होतो. गाणं मात्र चालू. मध्ये श्वास घ्यायला थांबत असेल असं वाटत नाही. दोन-तीन मिनिटं सहज, कधी त्याहून जास्त. त्याच्या खालच्या मजल्यावर मेडो पिपिट नावाचा चिमणीएवढा करड्या रेघांचा पक्षी, जो थोडासा वर चढतो आणि पंख ताठ धरून उतरत्या सुरात खाली येतो. चंडोलासमोर त्याचं गाणं अगदीच बेताचं. त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, पण मूरचा अर्धा संसार त्याच्यावर चालतो. ससाण्यांच्या जातीतला छोटा मर्लिन त्यालाच खातो, आणि आणखी एक पाहुणा त्याच्या जिवावर उठतो, त्याच्याकडे येईनच.

पण मूरचा आवाज म्हणजे कर्ल्यू. लांब पायांचा, तपकिरी ठिपक्यांचा, वीतभर लांब आणि खाली वाकलेल्या चोचीचा मोठा पक्षी. हिवाळा तो समुद्राकाठी चिखलात चोच खुपसत काढतो. कोकणातल्या खाड्यांवर थंडीत उतरतो तो याच जातीचा, फक्त ते पक्षी सायबेरियाच्या बाजूचे. फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये इथले कर्ल्यू किनारा सोडून डोंगरावर परततात. आधी लांबून एकेक सुटी शीळ येते, प्रत्येक वेळी शेवटाला वर चढणारी. मग त्या शिळा जवळ जवळ येतात, एकमेकींत मिसळतात आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच थरथरता, उकळता आवाज होतो, जो सगळ्या दरीत भरून राहतो. गाताना तो पंख न हलवता तरंगत खाली येत असतो. आनंदाचं गाणं म्हणावं की दुःखाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा ‘ही जागा माझी’ एवढंच तो सांगत असावा. जगभरात जेवढे कर्ल्यू घरटी करतात त्यांतले सुमारे एक चतुर्थांश ब्रिटनमध्ये करतात, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून इथली त्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली आहे. घरटं म्हणजे गवतातला एक खळगा, त्यात चार अंडी. पिल्लं जरा सुटी झाली की मादी बहुतेक वेळा आधी निघून जाते आणि पुढची राखण नर करतो.

टिटवी, कर्ल्यू, चंडोल, पिपिट, सोनेरी प्लव्हर, ग्राउस, सगळ्यांची घरं जमिनीवर. झाडंच नाहीत तर दुसरं काय करणार? त्यामुळे वसंतात इथे चालणं म्हणजे लोकांच्या माजघरातून चालणं. म्हणूनच १ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या मूरवर कुत्रा आणायचा तर आखूड दोरीनं बांधून, दोन मीटरपेक्षा लांब दोरी चालत नाही, असा नियम आहे. इंग्रज माणसाला मुलाला रागावलेलं एक वेळ चालेल, पण कुत्र्याला बांध म्हटलेलं सोसत नाही. तरी बहुतेक जण पाळतात.

खुल्या मूरवर, असं मी सहज लिहून गेले. तो खुला कसा झाला याची गोष्ट वसंतातलीच आहे. १९३२ सालच्या २४ एप्रिलला, रविवारी, मँचेस्टरकडचे सुमारे चारशे तरुण कामगार हेफील्ड गावाजवळच्या एका खाणीत जमले आणि किंडर स्काउटवर चढून गेले. पठार खाजगी मालकीचं, ग्राउसच्या शिकारीसाठी राखलेलं; वाटेत गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या रानाचे राखणदार, दांडके घेऊन उभे. थोडी झटापट झाली. शेफील्डकडून एडेलमार्गे दुसरी तुकडी येऊन मिळाली. परतताना पोलिसांनी सहा जणांना धरलं, आणि पुढे डर्बीच्या न्यायालयानं त्यांतल्या पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेत पाठवलं. दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं शिरणं हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता, त्यामुळे आरोप लागले ते दंग्याचे आणि मारहाणीचे. म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. शिक्षा ऐकून देशभरच्या चालणाऱ्यांचं पित्त खवळलं. किंडर ज्यात येतो ते पीक डिस्ट्रिक्ट १९५१ साली ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. मूरवर वाट सोडून कुठेही हिंडायचा हक्क कायद्यानं मिळायला मात्र २००० साल उजाडलं. २००२ मध्ये त्या रविवारला सत्तर वर्षं झाली, तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकनं, ज्याच्या आजोबांच्या मालकीचं ते रान होतं, जाहीर सभेत माफी मागितली.

मला यातली एक गोष्ट टोचत राहते. २४ एप्रिल म्हणजे ऐन अंड्यांचे दिवस. जमीनदारांचं म्हणणं तेव्हा हेच होतं की तुम्ही तुडवत फिरलात की ग्राउसची वीण बिघडते. त्यांचं प्रेम ग्राउसवर नव्हतं, ऑगस्टातल्या नेमबाजीवर होतं, हे उघड आहे. आठवडाभर गिरणीच्या धुरात राहिलेल्या पोरांना रविवारी श्वास घ्यायला डोंगर नाकारायचा आणि त्यासाठी पाखराचं नाव पुढे करायचं, यात लबाडी होतीच. पण लबाड माणसाच्या तोंडूनही कधी खरी गोष्ट निघते. हक्क मिळाल्यावर आज मे महिन्यात मी पायवाट सोडत नाही. कायद्यानं सोडता येते, तरी नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. रॉथमनला हे आवडलं असतं की नाही, कुणास ठाऊक. कुठेही पाऊल टाकायचं स्वातंत्र्य असणं आणि ते आपण होऊन न टाकणं, यांत आणि पहाऱ्यामुळे न टाकण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं तो म्हणाला असता, असं मी आपली धरून चालते.

हा आपण होऊन पाळायचा संयम सगळ्यात छान दिसतो तो स्टॅनेजच्या कड्यावर. काही किलोमीटर लांबीचा, खरखरीत वालुकाश्माचा हा कडा म्हणजे गिर्यारोहकांची पंढरी. दर वसंतात त्याच्या एखाद्या भागात साधी पाटी लागते की इथे रिंग ऊझलचं घरटं आहे, पिल्लं उडेपर्यंत अमुक वाटा चढू नका. रिंग ऊझल म्हणजे ब्लॅकबर्डचा डोंगरी भाऊ, काळा, छातीवर पांढरी चंद्रकोर. हिवाळा तो मोरोक्कोकडच्या ॲटलस पर्वतात काढतो आणि मार्चअखेर इथे येतो तो नेमका त्याच खाचा-कपारींत, ज्यांत बोटं रोवायला हे गडी शनिवारची वाट बघत असतात. गळ्यात दोरांची भेंडोळी अडकवलेली पोरं पाटी वाचतात, एक शिवी हासडतात आणि पुढच्या कपारीकडे जातात.

त्याच कड्याच्या पायथ्याशी गवतात गोल दगड पडलेले आहेत, पुरुषभर व्यासाचे, काहींना मधोमध भोक पाडलेलं. गिरणीतल्या जात्यांच्या या पाळ्या. पाथरवटांनी इथेच घडवल्या आणि बाजार बसला तशा जागच्या जागी टाकून दिल्या. लोकांना पांढराशुभ्र पाव हवासा झाला, त्याला फ्रान्सचा दगड बरा पडू लागला. आता त्यांच्या भोकांतून बिलबेरी उगवते. राष्ट्रीय उद्यानानं आपलं चिन्ह म्हणून हीच पाळी घेतली आहे.

बिलबेरीचं नाव निघालंच आहे तर थोडं खाली बसू. मूरवर हिरवा रंग पहिल्यांदा आणते ती हीच, घोट्याएवढी झुडपं, पोपटी कोवळी पानं, आणि पानांआड उलटे टांगलेले गुलाबी-लाल कंदील. उभं राहून दिसत नाहीत. गुडघे टेकावे लागतात आणि गुडघे ओले होतात. या फुलांवर एक भुंगमाशी येते, शेपटाकडचा निम्म्याहून जास्त भाग शेंदरी-लाल, वर पिवळे पट्टे, अंगभर लव. बिलबेरी भुंगमाशी असंच तिचं नाव. एप्रिलमध्ये दिसतात त्या सगळ्या राण्या, हिवाळाभर मातीखाली एकट्या निजून उठलेल्या. पोटापाण्याचं आणि नव्या वसाहतीचं सगळं एकटीनं उभं करायचं असतं, म्हणून थंड वाऱ्यातही त्यांना सुट्टी नाही. मी फोटो काढायला वाकले की त्या उडून जात नाहीत. त्यांना तेवढा वेळच नसतो.

जरा पुढे जमीन मऊ लागते. इथे खाली पीट आहे, म्हणजे न कुजलेल्या वनस्पतींचा काळा, ओला थर. तो साधारण वर्षाला एक मिलिमीटर या गतीनं वाढतो. मीटरभर खोल खणलं तर हजारेक वर्षं खाली गेलो. हा थर बनवणारा कारागीर म्हणजे स्फॅग्नम शेवाळ, जे आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवू शकतं. मूठभर उचलून पिळलं की मनगटावरून पाणी ओघळतं. त्याच ओलीत दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पतीही उगवते, कासच्या पठारावरच्या दवबिंदूची सख्खी नातलग. पण पीक डिस्ट्रिक्टच्या पठारांवर हे शेवाळ जवळजवळ नाहीसं झालं होतं. मँचेस्टर, ओल्डहॅम, स्टॉकपोर्टच्या कापूसगिरण्यांच्या धुराड्यांतून दीडशे-दोनशे वर्षं जो धूर निघाला तो वाऱ्यानं थेट इथे आणून टाकला, आणि गंधकानं आंबलेल्या पावसात शेवाळ मेलं. वर आगी, वर मेंढ्या. पीट उघडं पडलं, वाहून जाऊ लागलं, किंडर आणि ब्लीकलोच्या माथ्यावर काळ्या घळी पडल्या.

ही हकीकत वाचताना मी नेहमी धूर सोडून कापसापाशी अडकते. त्या गिरण्यांत पिंजला जाणारा कापूस मुख्यतः अमेरिकेचा होता. पण १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी चालू असताना मुंबईच्या बंदरातून गाठींवर गाठी लँकेशायरला गेल्या. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचं वेड उसळलं आणि युद्ध संपल्यावर त्यात भलेभले धुळीला मिळाले. ही गोष्ट शाळेत शिकले होते. त्या गाठींच्या धुराचा शेवटचा मुक्काम इथल्या ओल्या शेवाळावर होता, हे मात्र इथे चालायला लागल्यावर कळलं. आणि गंमत अशी की मे सरता सरता याच काळ्या पीटवर एक गवत पांढरं होतं. प्रत्येक काडीच्या टोकाला बोंडातून सुटल्यासारखा पुंजका. इथले लोकही त्याला कापूसगवतच म्हणतात. सूत निघत नाही, विकत कुणी घेत नाही, पण वाऱ्यावर सगळं पठार एका बाजूला झुकतं तेव्हा परभणीकडच्या कुणालाही क्षणभर वेचणीची बाई शोधावीशी वाटेल.

गिरण्या गेल्या. पाडलेल्या गिरण्यांच्या जमिनीचे दगड कुठे गेले, तर त्यांतले पुष्कळसे मूरवर आले. एडेलहून निघून २६८ मैल उत्तरेला जाणारी पेनाइन वे ही पायवाट १९६५ साली सुरू झाली, तारीख पुन्हा २४ एप्रिलच, आणि इतकी लोकप्रिय झाली की बुटांनी पीटचा चिखल करून टाकला. लोक चिखल चुकवायला बाजूनं जात, वाट आणखी रुंद होई. शेवटी हेलिकॉप्टरनं फरशा आणून ओळीनं अंथरल्या. काहींवर अजून भोकं दिसतात, यंत्रं जखडायच्या खिळ्यांची. पावसानंतर त्यांत पाणी साचतं. ज्या फरशीवर उभं राहून कुणाच्या तरी पणजीनं बारा-बारा तास माग सांभाळले, तिच्यावरून आता सुट्टीचे लोक चालतात आणि त्यांच्या पायांपासून शेवाळ वाचतं. २००३ पासून इथे मूर सुधारण्याचं मोठं काम चालू आहे. घळींना दगडांचे लहान बांध घालायचे, उघड्या पीटवर हेदरच्या फांद्या अंथरायच्या, गवत रुजवायचं, मग हातानं शेवाळाचे झुबके लावत जायचं. गेल्या काही वर्षांत काळी पठारं हिरवी झालेली मी डोळ्यांनी पाहते आहे. पाणी फाउंडेशनच्या कामावर घाम गाळलेल्या माणसाला हे बांध बघून घरी आल्यासारखं वाटेल.

म्हणजे जिला आपण रान म्हणतो ती जागा पावलोपावली माणसाच्या हातची आहे. हेदरचे ते चौकोनी तुकडे, कुठे जुनं उंच, कुठे कोवळं, कुठे नुकतंच जळालेलं, तेही ग्राउससाठी. ग्राउस कोवळे कोंब खातो आणि जुन्या झुडपात लपतो, म्हणून शिकारीच्या मूरवर थंडीत आलटून पालटून पट्टे जाळायची रीत आहे. २०२१ मध्ये संरक्षित जागी खोल पीटवर परवान्याशिवाय जाळायला इंग्लंडात बंदी आली. भांडण मिटलेलं नाही. एक बाजू म्हणते, जाळून पीट मरतं आणि शिकारीच्या मूरवरून हेन हॅरियरसारखे शिकारी पक्षी गूढरीत्या गायब होतात. दुसरी म्हणते, आम्ही कोल्हे-कावळे मारतो म्हणूनच तुमच्या लाडक्या कर्ल्यूची पिल्लं जगतात. पंचाईत ही की दोघांचंही खरं आहे. हॅरियर मारणाऱ्यांची मला चीड आहे, आणि मेच्या संध्याकाळी सगळ्यात जास्त कर्ल्यू ऐकले ते शिकारीच्या एका मूरवरच. ग्राउस मात्र या वादात मजेत असतो. लाल भुवया उंचावून एखाद्या दगडी कुंपणावर उभा राहतो आणि घोगऱ्या आवाजात ‘गो बॅक, गो बॅक’ असं खडसावतो, जसं काही जुन्या मालकांनी त्याला नेमूनच ठेवलंय.

वसंतातली दुसरी आग कुणी लावलेली नसते, किंवा मान्य करत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कोरडा वारा सुटला की गेल्या वर्षीचं मेलेलं गवत नुसतं ठिणगीची वाट बघतं. सह्याद्रीत वणव्यांचे जे महिने तेच इथले. २०१९ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडचा मार्सडन मूर असाच पेटला, आणि तेव्हा तिथे अंडी होती. नंतर गेले तर वास महिनोन्‌महिने जात नव्हता.

डोंगरी ससा अशा पोळलेल्या पट्ट्यांत फार लांबून दिसतो. तो इथला नव्हेच. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेनं स्कॉटलंडहून आणून सोडलेला, आणि इंग्लंडात फक्त या पठारांवर टिकलेला. थंडीत तो पांढरा होतो. रंग बदलायची वेळ त्याला दिवसाच्या लांबीवरून कळते, बर्फ पडो न पडो. त्यामुळे हल्ली बर्फ न पडलेल्या मार्चमध्ये तपकिरी माळावर हे पांढरे ससे उन्हात बसलेले असतात, अगदी शांतपणे, आपण कुणाला दिसत नाही अशा पक्क्या समजुतीत. एप्रिलमध्ये कात टाकल्यासारखे अर्धे पांढरे अर्धे करडे, विटक्या रजईचे. स्वभावानं बुजरा प्राणी, पण या दिवसांत त्याच्या वाट्याला फजितीच जास्त.

ॲडर मात्र दिसला तर नशीब. ब्रिटनमधला हा एकमेव विषारी साप. नर मार्चमध्येच बिळाबाहेर येऊन वाळलेल्या नेच्यावर अंग पसरतो, पाठीवर ठसठशीत काळी नागमोडी. घोणस आणि फुरशाचं हे कुळ. तेही पिल्लंच घालतात, हाही. सड्यावर फुरसं दिसलं की गावात हाकाटी व्हायची आणि काठ्या निघायच्या. इथे तो कायद्यानं संरक्षित आहे आणि लोक तो दिसावा म्हणून पहाटे निघतात. माझे पाय अजून गावचेच आहेत, तो दिसला की आपोआप दोन पावलं मागे जातात.

एप्रिलच्या उन्हात हेदरवरून नारिंगी काहीतरी सुसाट जातं, इतकं वेगात की फुलपाखरू म्हणवत नाही. तो एम्परर पतंगाचा नर. मादी राखाडी रंगाची, हेदरला धरून निवांत बसलेली, आणि तिचा गंध त्याला मैलभरावरून लागतो. चारही पंखांवर डोळे. ब्रिटनमध्ये त्याच्या कुळातला तो एकटाच. गोत मात्र आपल्याकडेही आहे. गडचिरोली-भंडाऱ्यात ऐनाच्या झाडांवर वाढवतात तो टसरचा पतंग याच घराण्यातला, तसेच पंखांवर डोळे, तसंच मोठं झाल्यावर तोंडाला काही न लावता आठवड्याभरात जगून घेणं. त्याचा कोश उकळून आपण लुगडी विणली. याचा कोश मूरवर हेदरच्या बुंध्याशी पडून राहतो, बाटलीसारखा, तोंडाशी अशी काट्यांची कडी की आतून बाहेर येता येतं, बाहेरून आत नाही.

आता तो पाहुणा. आमच्या गल्लीतले एक आजोबा, पोलादाच्या कारखान्यात हयात गेलेले, वसंतात मला मूरवर घेऊन जातात. शेफील्डच्या रिवाजाप्रमाणे ते मलाही ‘लव्ह’ म्हणतात आणि बसच्या ड्रायव्हरलाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन येतो, ‘आला’. नाव सांगायची गरज नसते. कुक्कू काँगोच्या खोऱ्यातून सहारा ओलांडून येतो. २०११ पासून त्यांच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर लावून पक्षितज्ज्ञ ही वाट नकाशावर मांडत आले आहेत. वर्तमानपत्रं त्याच्या पहिल्या हाकेनं वसंताची तारीख ठरवतात. आणि तो काय करतो? नर दोन सुरांत ओरडत राहतो. मादी मुकाट्यानं खांबावर बसून पिपिटच्या जोड्या हेरते, संधी साधून त्यांचं एक अंडं उचलते आणि आपलं घालते, रंगानं बरंचसं तसंच. पिल्लू बाहेर येताच डोळे उघडायच्या आधी बाकीची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतं. जूनच्या मध्यावर आई-बाप आफ्रिकेच्या वाटेला लागलेले असतात.

गेल्या जूनमध्ये कापूसगवताच्या कडेला आम्ही असं एक पिल्लू पाहिलं. घरट्यात न मावणारं, तारेच्या खांबावर बसलेलं, पिपिटच्या तिप्पट. बिचारी पिपिट त्याच्या पाठीवर उभी राहून चोचीत अळी घालत होती आणि दर खेपेला तिचं डोकं त्या नारिंगी जबड्यात पार आत जात होतं. मी आजोबांना म्हटलं, याचे आई-बाप कधीच निघून गेले ना?

‘सहा आठवड्यांची पाळी, लव्ह,’ ते म्हणाले. ‘तेवढी भरली की कार्ड पंच करून मोकळे. ओव्हरटाइम हिच्यावर.’

पिपिट आणखी एक अळी घेऊन आली.